गिरीजच्या विहिरीतले मेलेले मासे

"'संशय' असं लिही. मग कुणी कोर्टात खेचत नाही," संपादक फोनवर म्हणाले.

बातमी गिरीज गावची होती. एका केळीच्या वाडीतल्या विहिरीत मासे मरून वर आले होते. वाडीच्या कडेला चार वारली कुटुंबं राहतात, वाडीतच मजुरी करतात. त्यांनी विष घातलं, असा मेसेज सकाळपासून फिरत होता. संध्याकाळपर्यंत झोपड्या रिकाम्या करा, असं त्यांना सांगून झालं होतं.

"विष कुणी पाहिलंय?"

"अख्खा गाव सांगतोय."

"युरोपात प्लेग आला तेव्हाही गावंच्या गावं हेच सांगत होती. ज्यूंनी विहिरीत विष घातलं म्हणून. वस्त्या जाळल्या. ज्यूही त्याच प्लेगनं मरत होते."

"गिरीजला प्लेग नाही. मला सहाला कॉपी हवी."

कॉपी म्हणजे लिहून तयार बातमी. मी स्कूटर काढली.

कमळीबाई गोणीत भांडी भरत होत्या. "त्याच हिरीचा पानी आमची पोरा पितात," त्या म्हणाल्या. "इख आमच्याच पोरांना घालू?"

वाडीचे मालक जनूदादा विहिरीपाशीच होते. "हे लोक विषारी पाला ठेचून ओहोळातले मासे धरतात. जातच तशी."

"मग हे मासे उचलले का त्यांनी?"

"नाही."

"मग मारले कशाला?"

पाण्याला तरणतलावासारखा उग्र वास होता. मी आरोग्यसेवकाला बोलावून घेतलं. साथीच्या दिवसांत विहिरीत टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी पावडर टाकतात. ती किती पडली, हे ओटी नावाच्या औषधाच्या थेंबांनी कळतं. पाणी फिकट पिवळं झालं तर बेताची. इथे ते गडद नारिंगी झालं, म्हणजे मासे मरतील इतकी जास्त.

"पावडर कुणी टाकली?" त्यानं विचारलं.

"मीच. परवा. दिलेल्या मापानं, वर एक ओंजळ," दादा म्हणाले.

केळींतून दादांचा धाकटा भाऊ वसंत पुढे आला. "मीपण टाकली. परवाच."

वाडीची वाटणी झाली होती, विहीर सामाईक राहिली होती. दोघांनी अख्ख्या विहिरीचं माप टाकलं होतं.

"विचारायचंस तरी!"

"दोन वर्षं बोलतोस का तू माझ्याशी?"

मी दोघांनाही नावानिशी बोलतं केलं आणि सहाला कॉपी पाठवली. 'संशय' नव्हता. कमळीबाईंची गोणी पुन्हा सुटली.

आठवड्यानं विहिरीवर जाळी आणि कुलूप आलं. किल्ल्या दोन, दोघा भावांकडे. वारल्यांना पाणी मागून घ्यावं लागू लागलं. मी त्याची बातमी दिली. काही झालं नाही. पुन्हा दिली, तेव्हा ग्रामसेवक आले आणि कुलूप निघालं.

अफवेला एक फॉरवर्ड पुरला. आम्हाला तीन बातम्या लागल्या.