ताऱ्यांचा रस्ता

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते सरपंचकाकींचे. सरपंचपद एकदाच मिळालं, नाव मात्र कायमचं चिकटलं. त्यांची एक सवय साऱ्या डोळखांब भागाला ठाऊक होती. समोर कोणीही येवो, त्या त्याच्याकडे रस्ता मागत. पोलिओचा डोस पाजायला आलेल्या नर्सबाईंकडेही मागितला होता. डोंगरावरच्या आमच्या पाड्यातून आजारी माणूस झोळीत घालून खाली न्यावा लागे. काकींना रस्ता हवा होता, आणि रस्त्याला दिव्याचे खांब.

आईवडील वीटभट्टीवर निघाले, तेव्हा मला काकींनीच ठेवून घेतलं. "ह्याला शिकू दे. आपल्यातला एक तरी सायेब नको का?" शहापूरच्या कॉलेजातून मी विज्ञानाचा पदवीधर झालो आणि वेधशाळा व तारांगण उभारणाऱ्या कचेरीत लागलो. डोंगरमाथ्याचा शोध सुरू होता; मी आमचा सुचवला. काकींना सगळी योजना तासभर समजावली. त्यांनी एकच विचारलं, "बघायला येणारे गाडीतनंच येतील ना रे?"

"हो."

"मंग येऊ दे. माणसांसाठी रस्ता झाला नाय, ताऱ्यांसाठी होतो का बघू."

जागा पाहायला समिती तिन्हीसांजेनंतर आली. काकींनी मुरबाडहून लग्नाचा मांडववाला आणवला होता. खांद्यावरून वर चढवलेला जनरेटर, हॅलोजन, झाडाझाडाला माळा. शाल-नारळ झाले. प्रमुख साहेब डोळ्यांवर हात धरून म्हणाले, "बाई, दिवे बंद कराल का? आकाश दिसत नाही."

"काय बोलता सायेब! पाव्हण्याला आंधारात बसवलं तर गावाची अब्रू जाईल."

शेवटी मीच जनरेटर बंद केला. हळूहळू चांदण्या उमटल्या, मग आभाळ खचाखच भरलं. साहेब मान वर करून बघत राहिले. काकींनीही वर पाहिलं.

"हे तं रोजचंच हाय," त्या मला म्हणाल्या. "ह्याच्यासाठी एवढे चढून आले? बरं, बघू दे निवांत. मंग रस्त्याचं बोलू."

परवा मी त्यांना पत्र धाडलं.

"ती. सरपंचकाकींस शिरसाष्टांग नमस्कार. जागा मंजूर झाली. रस्ताही मंजूर झाला, पायथ्यापासून पाड्यावरून थेट माथ्यापर्यंत. आता आजाऱ्यासाठी गाडी दारात येईल. खांब मात्र एकही येणार नाही. दिव्यांपुढे तारे दिसत नाहीत, हे तुम्ही त्या दिवशी पाहिलंत. खांब नकोत, असं लिहिणारा साहेब मीच. सोबत बॅटरी पाठवतो आहे. काचेवर लाल कागद चिकटवला आहे, तो काढू नका. तेवढा उजेड ताऱ्यांना चालतो."