जोशी सरांचे निळे क्रिस्टल

किस्से साठवायला फ्रीज लागत नाही, हे एक बरं आहे. नाहीतर अमेरिकेतल्या आमच्या पिस्कॅटवेच्या लॅबमध्ये प्रोटीन ठेवायला जागाच उरली नसती!

आमचे बॉस जोशी सर, मूळचे मिरजेचे. तांबं असलेल्या एका प्रोटीनची रचना शोधण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. रचना कळायला आधी प्रोटीनचे क्रिस्टल व्हावे लागतात, आणि ते आपल्या मर्जीने वाढतात. जरा धक्का लागला की संपलं. म्हणून आमच्याकडे दार आपटायची बंदी. नागपूरच्या निखिलने पहिल्याच दिवशी आपटलं. सर ओठांवर बोट ठेवून म्हणाले, "हळू! बाळं झोपलीत." बिचारा लंचपर्यंत कुजबुजतच बोलत होता.

*

एकदा क्रिस्टल दिसले. सरांनी लगेच शेजारच्या एडिसन गावातल्या देशी दुकानातून पेढे आणून सगळ्या मजल्यावर वाटले. मग एक्स-रे टाकून बघितलं, तर निव्वळ मीठ! आमची तोंडं पडली.

सर म्हणाले, "असू दे. दृष्ट काढायला झालं!"

*

निखिलने एकदा सवयीने प्रोटीनमध्ये धातू ओढून घेणारं रसायन घातलं. तांब्यामुळे आलेला सुंदर निळा रंग गेला, ट्यूबमध्ये नुसतं पाणी दिसायला लागलं.

"सॉरी यार... म्हणजे, सॉरी सर!"

"अरे, नवरीच्या अंगावरचे दागिनेच उतरवलेस की!" सर म्हणाले आणि पुन्हा पहिल्यापासून कामाला लागले.

*

दर दिवाळीला सर मिरजेला जायचं तिकीट काढायचे. तिथे त्यांची आई एकटी. आणि नेमकं तेव्हाच क्रिस्टल वाढवायच्या ट्रेमध्ये काहीतरी चमकायचं, की तिकीट कॅन्सल! एकदा सरांची बायको, आमच्या काकू, वैतागून म्हणाल्या, "तुमच्या क्रिस्टलना बरोबर सासूबाईंचाच मुहूर्त सापडतो!"

आम्ही हसलो. सर हसले नाहीत. "आई वाट बघते गं," एवढंच मला म्हणाले. मला साताऱ्याच्या घराची इतकी आठवण आली की त्या दिवशी कामात लक्षच लागलं नाही.

*

आणि यंदा खरे क्रिस्टल आले. टपोरे, निळेशार. एक्स-रेनेही होकार दिला. सरांचे डोळे भरून आले. त्यांनी तिथूनच आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोनचा कॅमेरा मायक्रोस्कोपला टेकवून धरला.

"दिसलं का, आई? याच्यासाठीच गं सगळं. थांब, अजून स्पष्ट करतो..."

"दिसलं, दिसलं. छान आहे," पलीकडून आई म्हणाल्या. "आता तो फोन जरा तुझ्याकडं वळव."