नदी नसलेल्या गावाला

"जिथं नदीच नाय, तिथं झोप तरी लागंल," साईनाथ एकदा थोरल्या बहिणीला, जयाला म्हणाला होता.

गेल्या वर्षी उल्हास नदीच्या पुरात त्याची बायको हर्षला वाहून गेली. तेव्हापासून भिसेगावच्या फ्लॅटमध्ये कुणी नळ सोडला तरी तो उठून गॅलरीत जाई. आता त्यानं वायरमनची पक्की नोकरी सोडून कच्छच्या रणातल्या सौरप्रकल्पावर काम धरलं होतं.

निघताना जयानं त्याच्या तळहातावर दही ठेवलं.

"वाळवंटात काय दिवे लावणार रं तू?" तिनं हसवून पाहिलं.

तो हसला नाही. त्यानं बॅग उचलली.

"नुसतं 'येतो' म्हण, बाबा. आणखी काय नको मला."

खोटं बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं. चपला घालून तो मुकाट्यानं जिना उतरला.