बंद नाही, बाजूनं या

अबूना बसत नसत. मीटिंग नगर कौन्सिलमध्ये असो की आमच्या घरी, खुर्ची पुढे केली की ते तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहत आणि थोड्या वेळानं खिडकीकडे चालू लागत. "बसा हो," म्हटलं की म्हणत, "आमचे आजोबा प्रार्थनेला काठीवर रेलून उभे राहायचे. बाकं ही नंतरची फॅशन." काळा पायघोळ झगा, पांढरी दाढी, हातात छोटासा क्रॉस आणि झग्याखाली पळायचे बूट. ग्लासगोत ते बूट कधी कोरडे पाहिल्याचं मला आठवत नाही.

अबूना म्हणजे 'आमचे वडील'. इजिप्तचे कॉप्टिक ख्रिश्चन आपल्या धर्मगुरूला अशी हाक मारतात. आमचे अबूना मूळचे सिव्हिल इंजिनिअर. ते माझ्या डॉक्टर नवऱ्याच्या, मिलिंदच्या, वॉर्डात पेशंटना भेटायला येत. 'बायको आर्किटेक्ट आहे' हे मिलिंदच्या तोंडून निसटलं आणि त्यानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. तेव्हापासून सकाळी चहाच्या आधी फोन. "अगं, तुझे अबूना. ऑन-कॉल मी आहे की तू?" मिलिंद विचारी. मला त्यांची हाक 'बाशमुहंदिसा'. इंजिनिअर बाईंना त्यांच्याकडे मानानं असं म्हणतात, आणि एवढा मान मिळाल्यावर नाही म्हणायची सोय उरत नाही.

त्यांच्या मंडळींनी एक रिकामं जुनं स्कॉटिश चर्च विकत घेतलं होतं. धुरानं काळवंडलेला दगड. आत चित्र नाही, मूर्ती नाही, फक्त एक उंच लाकडी व्यासपीठ, कारण पूर्वीच्या स्कॉटिश मंडळींचा सगळा भर प्रवचनावर. अबूना छताकडेच बघत राहिले. वासे पालथ्या होडीसारखे होते. "नोहाची नौका! आमची चर्च अशीच असतात. यांनी अर्धं काम करून ठेवलंय." उरलेलं अर्धं मात्र उलटं होतं. कॉप्टिक गाभारा पूर्वेलाच हवा, आणि इथे पूर्वेला होता रस्त्यावरचा कमानदार मोठा दरवाजा. त्यात इमारत संरक्षित. कौन्सिलच्या बाईंनी बजावलं: दरवाजा बुजवायचा नाही, त्याला खिळा ठोकायचा नाही, आणि तो केव्हाही उघडता आला पाहिजे.

भाड्याच्या हॉलला कंटाळलेली मंडळी म्हणू लागली, वेदी पश्चिमेला करा आणि मोकळे व्हा. मलाही तेच वाटत होतं. "अबूना, देव तर सगळीकडे आहे," मी म्हटलं. येरझारा घालणारे अबूना थांबले. "देव सगळीकडे आहे, बाशमुहंदिसा. माझी माणसंही सगळीकडे आहेत, तोच तर त्रास आहे. कुणी इथे, कुणी कैरोत, कुणी कॅनडात. निदान एका दिशेला तरी बघू दे त्यांना." घरी येऊन डोंबिवलीला आईला फोनवर सांगितलं, तर तीही त्यांच्याच पार्टीत. "बरोबर आहे त्यांचं. सूर्याकडे पाठ करून कोण उभं राहतं?" मी मुकाट्यानं पुन्हा कागद पसरले.

मग असं केलं, की दरवाजा होता तसाच ठेवला, फक्त आतून बंद. त्याच्या आत वेदी, आणि वेदीपुढे कोरीव लाकडाचा उंच आडपडदा, भिंतीला कुठेही न टेकता स्वतःच्या पायांवर उभा. लोकांनी बाजूच्या बोळातल्या दारानं यायचं. जुनं व्यासपीठ राहिलं सगळ्यांच्या पाठीमागे. "राहू दे," अबूना म्हणाले. "इतकी वर्षं बोललं, आता ऐकेल." कौन्सिलच्या बाई हसल्या आणि आम्हाला परवानगी मिळाली.

आडपडद्यापुढे शहामृगाचं अंडं टांगतात. शहामृग अंड्यावरची नजर काढत नाही, तसं मन प्रार्थनेवरून ढळू नये म्हणून. अबूनांचं मन मात्र त्या बंद दारावर. "रस्त्यावरून बंद दिसतं. कुणीतरी येईल आणि परत जाईल." पाटी लावली, बाण रंगवला, तरी चैन नाही. हॉलमधून सगळं सामान नव्या जागी आलं, तसे ते रविवारी उपासनेआधी बाहेरच्या पायऱ्यांवर पावसात उभे राहू लागले. जो थबकेल त्याला ओरडून सांगत, "बंद नाही, बाजूनं या!" बसची वाट पाहणारेही त्यात सापडत आणि उसळीसारखे शिजवलेले वाल अन् पाव खाऊन जात.

बिशप येऊन वेदी पवित्र करणार होते, त्याच्या आदल्या दिवशी अबूनांनी मला बोलावून घेतलं. "आज गाभाऱ्यात फिरून घे. उद्यापासून बायकांना आत जाता येणार नाही." मला संताप आला आणि मी तो बोलून दाखवला. "मी उभारलेल्या जागेत मलाच बंदी?" त्यांनी वाद घातला नाही. "तुझा राग खरा आहे. नियम माझ्या हातात नाही. आजचा दिवस आहे." मी बूट काढून आत गेले, वेदीवरून हात फिरवला. दरवाजावरच्या काचेतून ऊन आत आलं होतं. बाहेर येऊन बघते तर अबूना पायरीवर चक्क बसलेले. "दमलो," एवढंच म्हणाले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात ते हृदयविकारानं गेले. "शेवटपर्यंत बेडवरून उतरायला बघत होते गं," मिलिंद म्हणाला.

अंत्यसंस्काराच्या सकाळी शवपेटी बोळात अडली. वळणच घेईना. माणसं अबूनांना खांद्यावर घेऊन पावसात ताटकळली आणि सगळे एकमेकांकडे बघू लागले. मला कौन्सिलची ती अट आठवली. "मोठं दार उघडा," मी म्हटलं, "ते उघडतं." आतून अडसर निघाला, फुगलेली फळी करकरली. पेटी उचलणाऱ्यांनी पायऱ्यांवर बूट काढले आणि अबूनांना मोठ्या दारानं थेट गाभाऱ्यात नेलं. धर्मगुरूला शेवटी वेदीभोवती फिरवायचंच असतं. वेदी मला समोर दिसत होती. मी उंबऱ्याशी थांबले. रागवायला समोर आता कुणी नव्हतं.

दार पुन्हा बंद झालं. मी पायऱ्यांवर रडत उभी होते. इतक्यात काळा स्कार्फ बांधलेली एक म्हातारी घाईघाईनं आली, बंद दार पाहून थबकली आणि हताश होऊन परत वळली.

"बंद नाही!" मी ओरडले. "बाजूनं या!"