एका शिकंज्यावर दाबलेली स्प्रिंग

वहिनीच्या डाव्या खांद्याचं हाड थोडं वर आलेलं आहे. अंगात जाड सदरा असला तरी ते दिसतं. कुणी विचारलंच तर ती म्हणते, "शॉकअप लागला." ते खोटं नाही. शॉकअप, म्हणजे चाकाचे धक्के झेलणारा लोखंडी दांडा, नवऱ्याने फेकून मारला होता, तेवढं ती गाळते.

नवऱ्याला सगळे उस्ताद म्हणत. जुन्या, बुटक्या, दोनच माणसांच्या स्पोर्ट्स गाड्या हा त्याचा प्रांत. ज्या गाड्यांचे सुटे भाग कंपनीने बनवायचे सोडून जमाना झाला, त्या गाड्या लोक लांबून त्याच्याकडे आणत. हाताला गुण होता, आणि राग त्याच हातात होता. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. उस्ताद शब्द वाया घालवत नसे. रबरी नळी, पंख्याचा पट्टा, पाना, जे हाताशी येईल ते. गिऱ्हाइकासमोर तो बायकोला "अगं" म्हणे आणि शटर खाली आलं की शिवी घालून बोलावे.

ती हे काम शिकली ती त्याच्या डोळ्यांमुळे. चाळिशीनंतर त्याला जवळचं दिसेना, आणि चष्मा लावायला तर तो तयार नव्हता. मग मापपट्टीवरचे आकडे ती वाचायची, सांध्यातल्या बुशाच्या रबराला गेलेला केसाएवढा तडा तिला दिसायचा, आणि चाकांची दिशा जुळवताना गाडीच्या बाजूने ताणलेल्या दोऱ्यापासून चाक किती लांब आहे ते ती सांगायची. तो बोल्ट फिरवायचा आणि नाव त्याचं व्हायचं. पंधरा वर्षं असं चाललं. गाडी दारात शिरताना खालून 'टुक' असा आवाज आला की कुठला सांधा गेलाय हे तिला आता चुलीपाशी बसून कळायचं. ती बोलायची मात्र नाही. मूग गिळून बसायची, कारण बोलण्याचा हिशेब संध्याकाळी पाठीवर व्हायचा.

त्या दिवशी ती बोलली.

दातांचे एक डॉक्टर होते. त्यांच्याकडे हिरवी, लांब नाकाची, पस्तीस वर्षांची गाडी होती. सुट्टीच्या दिवशी घाटात चार मित्रांच्या गाड्यांबरोबर ती पळवायची, हा त्यांचा एकुलता एक शौक. सकाळी दहाच्या सुमाराला ते आले.

"उस्ताद, गाडी तीन बोटं खाली बसवून द्या. वळणावर झुकते. मित्रांच्या गाड्या कशा रस्त्याला चिकटून जातात!"

"हात्तिच्या! स्प्रिंगचा एक वेढा कापून टाकू. दुपारी घेऊन जा," उस्ताद म्हणाला आणि ग्राइंडरची वायर शोधू लागला.

वहिनी तोवर त्या हिरव्या गाडीच्या खाली शिरून बघत होती. तिथूनच तिच्या तोंडून निघून गेलं, "कापलेली स्प्रिंग बैठकीत नीट बसत नाही हो. खड्ड्यात चाक लोंबलं की जागची हलेल. घाटात हलली तर गाडी कठड्यावरून जाईल. नवीन आखूड स्प्रिंग करून घ्या, आणि बुश बदला. गाडी उंचीमुळे नाही झुकत, बुश गेलेत म्हणून झुकते."

ती बाहेर सरकून उठते न उठते तोच उस्तादने तिच्या कानाखाली वाजवली. दुसरी उलट्या हाताची होती. तिचं डोकं गाडीच्या दाराच्या कडेवर आपटलं आणि भुवई फुटली.

"आता बायका स्प्रिंगा शिकवणार," तो डॉक्टरांकडे पाहून हसत म्हणाला.

डॉक्टर मागे वळले आणि गाडीच्या मागच्या दिव्याकडे बघत राहिले. दिव्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं. तरी चांगलं मिनिटभर बघत होते.

आता हे सांगायला हवं. त्या गाडीत शॉकअपच्या दांड्याभोवतीच जाड स्प्रिंग असते. ती काढायची तर आधी दाबून धरावी लागते, आणि दाबलेली स्प्रिंग म्हणजे साखळीला बांधलेला पिसाळलेला कुत्रा. त्यासाठी आकडेवाल्या शिकंज्यांची जोडी मिळते. एक शिकंजा या अंगाला लावायचा, दुसरा समोरच्या अंगाला, आणि पान्याने दोन्ही आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. एकच लावला तर स्प्रिंग धनुष्यासारखी वाकते. उस्ताद कायम एकच लावायचा. दुसरा भिंतीवर खिळ्याला लटकलेला असायचा.

डाव्या चाकाचा शॉकअप काढून त्याने जमिनीवर ठेवला, गुडघ्यांत धरला आणि शिकंजा आवळायला लागला. रागात त्याचे झटके मोठे पडत होते. वहिनीने भुवईवर फडकं दाबलं होतं. स्प्रिंग पोटातून बाहेर येताना तिला दिसली.

"अहो, दुसरा लावा. वाकतेय ती."

"थोबाड बंद कर," तो म्हणाला आणि पाना आणखी एक फेरा फिरवला.

आवाज फार मोठा झाला नाही. जाड फळी मोडावी तेवढा झाला. शिकंजा छताच्या पत्र्याला भोक पाडून अडकला. स्प्रिंग आणि तिच्या डोक्यावरची लोखंडी टोपी उस्तादच्या हनुवटीखालून वर गेली. तो उताणा पडला. त्याच्या चेहऱ्याचा खालचा भाग डाव्या कानाकडे सरकला होता, दात सदऱ्यावर पडले होते, आणि रक्त आत घशात उतरत होतं. तो गुरगुरत होता. बुडणारा माणूस गुरगुरतो तसा.

वहिनी उभी राहिली. नुसती उभी राहिली. किती वेळ ते तिला आजही सांगता येत नाही. तिचा श्वास दोनदा आत-बाहेर झाला, एवढं तिला आठवतं. त्या दोन श्वासांत तिला सगळं दिसलं. आपण काही करायचंच नाही, बस. हात लावायचा नाही आणि ओरडायचंही नाही.

मग ती गुडघ्यावर बसली. त्याला कुशीवर वळवलं, तोंडात बोटं घालून मागे गेलेली जीभ फडक्यात पकडली आणि पुढे ओढली. रक्ताची गुठळी बाहेर पडली आणि त्याने श्वास घेतला.

डॉक्टर भिंतीला टेकून पांढरेफटक झाले होते.

"दातांचे डॉक्टर ना तुम्ही?" ती ओरडली. "मग हा जबडा कोणाचा आहे? या इकडे!"

डॉक्टर आले. काम त्यांना येत होतं. रुग्णवाहिका येईपर्यंत दोघांनी मिळून तो जबडा धरून ठेवला. या बाजूला ती, त्या बाजूला ते, चार हात कोपरापर्यंत लाल.

उस्ताद वाचला. एक डोळा गेला. जबडा तारेने शिवला आणि तोंडाला सहा आठवड्यांचं कुलूप लागलं.

दुसऱ्या दिवशी थोरली नणंद आली. भावाचं तोंड पाहून तिने वॉर्डातच वहिनीच्या झिंज्या धरल्या.

"हिनेच सोडली स्प्रिंग! भुवई फुटली त्याचा सूड घेतला या सटवीने!"

"वन्सं, सोडा. माणसं झोपलीत," वहिनी म्हणाली. नर्सने दोघींना वेगळं केलं तेव्हा मूठभर केस नणंदेच्या हातात होते.

गोष्ट फौजदारापर्यंत गेली. फौजदार पोट सुटलेला, सावकाश बोलणारा माणूस होता. त्याने आधी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, "मी... त्या वेळी गाडीच्या मागच्या दिव्याकडे बघत होतो. नक्की काय झालं ते पाहिलं नाही." जबडा धरलेला माणूस हाच, हे सांगूनही कुणाला पटलं नसतं. मग फौजदाराने उस्तादच्या छातीवर पाटी ठेवली. उस्तादने खडू घेतला, बायकोकडे उरलेल्या डोळ्याने पाहिलं आणि लिहिलं: हिने.

वहिनीने तो शब्द वाचला. ज्या बोटांनी जीभ ओढून बाहेर काढली होती, त्या बोटांचा वास अजून गेला नव्हता.

तिसऱ्या दिवशी फौजदार गॅरेजात आला, मागोमाग नणंद आणि डॉक्टरही आले. "बाई, मला गाड्यांतलं कळत नाही. दाखवा काय ते," तो म्हणाला.

वहिनीने उजव्या चाकाचा शॉकअप काढला. पत्र्यात अडकलेला शिकंजा आदल्या दिवशीच तिने काठीने पाडून ठेवला होता. त्याचे आटे ग्रीसने चमकत होते. दुसरा तिने खिळ्यावरून उतरवला. त्याचे आटे गंजून लाल झाले होते आणि आकड्यात कोळ्याने घर केलं होतं. तिने तो साफ केला, तेल दिलं, दोन्ही समोरासमोर लावले आणि दुसऱ्या एका पान्याने आवळायला लागली. एक फेरा इकडे, एक फेरा तिकडे. स्प्रिंग करकरत आखडली. फौजदार तीन पावलं मागे सरकला.

"ती दाबली जाते ती पान्याने," वहिनी म्हणाली. "ज्याच्या हातात पाना, त्याच्या हातात स्प्रिंग. बाजूला उभ्या माणसाला ती सोडता येत नाही. सोडायचीच तर आधी पाना लागेल."

"मग त्या दिवशीचा पाना कुठाय?"

"इथे नाही साहेब. तीन दिवस शोधतेय."

फौजदार नणंदेकडे वळला. नणंद पदराने डोळे पुसत बोलतच होती: "माझ्या भावाने किती भोगलं हो! दवाखान्यात मुठीतून पाना सोडवायला दोन माणसं लागली म्हणे, इतकी घट्ट धरली होती मूठ. कपड्यांच्या पिशवीत दिलाय मला, रक्तासकट. अजून धुवायचं धाडस नाही..."

बोलता बोलता ती थांबली.

"त्याच्या मुठीत," फौजदार म्हणाला.

मग डॉक्टर पुढे आले. "मी पाहिलं होतं, साहेब. दिव्याकडे बघत नव्हतो तेव्हा. दिव्याकडे बघत होतो ते त्याआधी, या बाईंना मारलं तेव्हा. स्प्रिंग उडाली तेव्हा मी सरळ उस्तादकडे बघत होतो. एकच शिकंजा लावला होता, आणि या बाई दुसरा लावा म्हणत होत्या."

फौजदाराने ते सगळं लिहून घेतलं. जाताना नणंदेला एवढंच म्हणाला, "ती पिशवी चौकीवर आणून द्या."

त्यानंतरचे पाच आठवडे वहिनीने हिरव्या गाडीवर काम केलं. गंजून बसलेले बुश तिने शेगडीवर जाळून काढले. रबराच्या धुराने तिचे डोळे सुजले. लोखंडी नळ्या घासून नवीन बुश व्हाइसच्या पकडीत साबणाचं पाणी लावून दाबले. मोजून आखूड बनवलेल्या स्प्रिंगा बसवल्या, तीन नाही, दोनच बोटं खाली. तेल गळणारे शॉकअप बदलले. गाडी चाकांवर उभी करून, आत वाळूची पोती ठेवून मगच बोल्ट शेवटचे आवळले, नाहीतर नवा बुश पिळवटून महिन्यात फाटतो. शेवटी दोन्ही बाजूंना दोरा ताणला. मापही तिनेच वाचलं, बोल्टही तिनेच फिरवला.

डॉक्टरांनी गाडी घाटात नेऊन आणली. परत आल्यावर ते गाडीतून उतरले.

"रुळावरून गेल्यासारखी गेली," ते म्हणाले. मग खाली बघून: "वहिनी, त्या दिवशी मी तोंड फिरवलं."

"हो, फिरवलंत," ती म्हणाली. "पाचशे किलोमीटर झाले की बोल्ट तपासायला आणा."

उस्ताद घरी आला तो बारीक झालेला. बोलणं जाडंभरडं झालं होतं, पण सुंभ जळला तरी पीळ गेला नव्हता. गॅरेजात दोन गाड्या उभ्या होत्या, आणि दारातलं गिऱ्हाईक "वहिनी आहेत का?" असं विचारत होतं. गिऱ्हाईक गेल्यावर त्याने शटर खाली ओढलं. वहिनी गाडीतून काढलेला, चाक धरून ठेवणारा जुना लोखंडी आर्म हातात घेऊन सांधा बघत होती. पाठीवर टॉमीचा लोखंडी दांडा पडला तेव्हा तिला आधी वाटलं, जॅक सरकला. ती पुढे कोलमडली. वळून बघते तर दांडा पुन्हा वर गेलेला.

तिने आर्म फिरवला. तीन किलोचं लोखंड त्याच्या कोपरावर बसलं. हाड वाजलं, दांडा खाली पडला, तो भिंतीला घसरत बसला.

मग तिने पुन्हा मारलं. खांद्यावर, वरून, दोन्ही हातांनी. पहिला घाव जीव वाचवायला होता. दुसरा नव्हता. हे ती स्वतःच सांगते, कुणी न विचारता. तिसऱ्यासाठी तिने हात उचलला होता, आणि त्याने उरलेला हात तोंडावर धरला, नुकत्याच सांधलेल्या जबड्यावर. त्या हाताआडून तो लहान पोरासारखा कण्हला. अशीच ती स्वतः कण्हायची. तो आवाज तिला ओळखू आला.

आर्म तिने खाली टाकला.

"ऊठ," ती म्हणाली. लग्नानंतर नवऱ्याला तिने पहिल्यांदाच एकेरीत हाक मारली. "बहिणीकडे जा. इथे राहिलास तर दोघांपैकी एक जण मरेल, आणि तो कोण ते आता मला माहीत नाही."

तिनेच शटर वर केलं, तिनेच नणंदेला फोन लावला. नणंद आली, भावाला गाडीत बसवलं, आणि या वेळी वहिनीच्या अंगाला तिने हात लावला नाही. काच वर करताना एवढंच म्हणाली, "कोपर कसं मोडलं?"

"शॉकअप लागला," वहिनी म्हणाली.

महिनाभर तिला पाठीवर झोपता आलं नाही. फौजदारासमोर तिने दोन्ही घाव सांगितले. उस्तादने तक्रार केली नाही; करायची नव्हती की करायची लाज वाटली, कोण जाणे. तो बहिणीकडेच राहिला. एका हाताने आणि एका डोळ्याने फारसं काम होत नाही, म्हणून तिथे कार्बोरेटर साफ करत बसतो असं कानावर येतं. वर्षाने त्याचा निरोप आला की थंडी पडलीय, माझा लोकरीचा कोट पाठव. वहिनीने कोट झटकला, फाटलेली बाही शिवली आणि आलेल्या माणसाबरोबर पाठवून दिला. निरोप काही पाठवला नाही.