माझ्यानंतर पुसलेली नळी

तिने नळी पुसली. टिश्यूने, दोनदा, सगळ्यांसमोर.

मी ब्रिस्टलमध्ये इतिहास शिकते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्या दिवशीचा सेमिनार दक्षिण अमेरिकेतल्या जेझुइट पाद्र्यांच्या व्यापारावर होता. पाद्री तिथल्या गुआरानी आदिवासींकडून येर्बा नावाच्या झाडाची, चहासारखी प्यायची पानं तोडून घ्यायचे आणि दूरच्या शहरांत विकायचे. तिथल्या स्पॅनिश वसाहतवाल्यांनाही तोच धंदा हवा होता आणि तेच मजूर. म्हणून दोघांची भांडणं, राजाकडे तक्रारी, बंडं.

प्रोफेसर येर्बाचा काढा घेऊन आल्या होत्या. वाळक्या भोपळ्याचं एक भांडं, ओढून प्यायला धातूची एक नळी. एकाने प्यायचं, भांडं त्यांना परत द्यायचं, त्या गरम पाणी ओतून पुढच्याला देणार. "नळी पुसायची नाही," त्यांनी आधीच सांगितलं. "पुसणं म्हणजे आधीच्या माणसाचा अपमान."

पहिल्या फेरीत आमच्या वर्गातली गार्गी शेजारच्या टॉमनंतर प्याली. पुसली नाही. दुसरी फेरी उलट्या बाजूने आली. माझ्यानंतर ती. तेव्हा टिश्यू निघाला.

मराठीत, हळूच म्हणाली, "राग नको हं मानूस. सवय असते एकेकाची."

गार्गी पुण्याची. वडील इथे विमानांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. पहिल्याच दिवशी तिने माझं आडनाव विचारलं, मग गाव, मग "अच्छा" म्हणाली. तेवढ्यात तिचा सगळा अभ्यास झाला. तिकडे जात नसते, असं मला निघताना सगळ्यांनी सांगितलं होतं. जातीचं वजन होत नाही, बॅगेत कितीही भरा.

मी मान डोलावली. हे लिहायला लाज वाटते, पण डोलावली.

आमच्याकडे उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडतात. आई पानांचे पुडे बांधून संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं जमा करायच्या जागी, नेते. तिथला मुंशी तिचा पुडा काठीने उलटवून बघतो. हात लावत नाही. मग तिथेच बसून त्याच पानांची बिडी ओढतो. पान ओठांना चालतं, आईचा हात चालत नाही.

त्या दिवशीचं सादरीकरण आम्हा दोघींचं होतं. "बोलते मी," तिने आधीच ठरवलं होतं. "तुझं इंग्लिश, म्हणजे, लोकांना कळायला पाहिजे ना. तू स्लाइड्स बदल." वाचन माझं, स्लाइड्स माझ्या, आणि त्या बदलायलाही मीच.

पाद्री किती शिस्तीचे, ती सांगत होती. वसाहतवाले किती लोभी. दोघंही गुआरानींच्या भल्याची भाषा करायचे आणि दोघांनाही हवे होते त्यांचे खांदे, हे तिने सांगितलं नाही. शेवटी म्हणाली, "या संघर्षात गुआरानी मुके होते."

माझं बोट बटणावर होतं. मी ते उचललं.

"नव्हते," मी म्हणाले. इंग्रजी अडखळत होतं. अडखळू दिलं. स्पेन आणि पोर्तुगालच्या राजांनी आपसांत जमिनी बदलल्या आणि गुआरानींना गावं सोडायला सांगितली. तेव्हा त्यांनी स्वतःच्या भाषेत पत्रं लिहिली. गावं आम्ही आमच्या हातांनी उभी केली आहेत, आम्ही जाणार नाही, असं कळवलं. त्या पत्रांची स्लाइड मी केली होती. गार्गीने ती काढून टाकली होती.

मग मी तिच्याकडे वळले. "टॉमनंतर नळी पुसली नाहीस. माझ्यानंतर पुसलीस. का, ते सांग सगळ्यांना."

"हायजीन," ती म्हणाली.

टॉम म्हणाला, "मी दुपारी कबाब खाल्लाय. एवढा स्वच्छ मी आजवर कुणालाच वाटलो नव्हतो."

कुणीतरी हसलं. गार्गी मराठीत पुटपुटली, "इथे कशाला तमाशा? आपण आपल्यात बोललो असतो ना."

"आपल्यात म्हणजे कुणात?" मी इंग्रजीतच विचारलं.

प्रोफेसरांनी भांडं पुन्हा भरलं आणि माझ्यापुढे धरलं. मी सावकाश प्याले. मग त्यांनी ते गार्गीपुढे धरलं. "नको," ती म्हणाली. त्या दिवशी ती तेवढंच खरं बोलली.

नंतर तिचा मेसेज आला. सॉरी, आणि पुढच्या वेळी तुलाही निम्मं बोलू देईन. बोलू देईन. माझ्या तोंडाची वाटणीही तीच करणार. पाद्रीसुद्धा असेच उदार होते.

पुढचं सादरीकरण मी एकटी करणार आहे, त्या पत्रांवर. गार्गीला ऐकायचं असेल तर तिने मागच्या रांगेत बसावं. स्लाइड मात्र मी आता कुणाचीही बदलणार नाही.