काडेपेटीतला बुध

धाकट्या मेहुण्याने त्या गुरुवारी सकाळी काडेपेटी उघडली ती केवळ चहासाठी. ताई दूध आणायला गेली होती, भाऊजी अंघोळीला गेले होते, गॅसचा लायटर नेहमीप्रमाणे रुसला होता आणि खिडकीच्या कठड्यावर काडेपेटी दिसली. त्याने ती उघडली, आणि तीही उलटी धरून. आतून काडी निघाली नाही. मिरीच्या दाण्याएवढं काहीतरी चकचकीत ओट्यावर पडलं, दोन टप्पे घेऊन सिंकमध्ये उतरलं आणि जाळीला जे एकच भोक मोठं झालं होतं, नेमकं त्यातून निघून गेलं.

भाऊजी खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर आले, तेव्हा मेहुणा रिकामी काडेपेटी घेऊन उभा होता.

"त्यात बुध होता," भाऊजी म्हणाले.

"मला वाटलं काड्या आहेत."

"वर लिहिलंय."

खरंच लिहिलं होतं. काडेपेटीच्या पाठीवर पेन्सिलीने, टपोऱ्या अक्षरात: 'बुध, ४.८८ मिमी.' चहाची तलफ आलेला माणूस काडेपेटीची पाठ वाचत बसत नाही, हे मेहुण्याच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण भाऊजी अंगात शर्टही न घालता सिंकखाली शिरले होते आणि पान्याने खालच्या वाकड्या पाइपाचा ट्रॅप खोलत होते. त्यातून एक बटण निघालं, अर्धी लवंग निघाली, आणि ताईच्या कानातल्याची फिरकी निघाली, जिच्यावरून दोन वर्षांपूर्वी नवरा-बायकोंत आठवडाभर अबोला झाला होता. बुध निघाला नाही.

ताई दूध घेऊन आली, फिरकी पाहून हरखली. "अगं बाई, सापडली की. मग तोंडं का पडलीत दोघांची?"

"तुझ्या भावाने एक ग्रह मोरीत घालवला."

"आठ आहेत ना? मग काय झालं," असं म्हणून ताईने फिरकी पदराला पुसली आणि पातेलं गॅसवर ठेवलं.

भाऊजी चौतीस वर्षं एका कारखान्यात टर्नर होते. तिथे त्यांना मिलिमीटर म्हणत आणि ते नाव त्यांनी घरीही इमानाने चालवलं. भिंतीवर तसबीर टांगायची म्हटलं की बाकीची माणसं डोळे बारीक करून पाहतात. भाऊजी टेप, ओळंबा आणि पेन्सिल घेऊन येत आणि तसबीर पुढच्या रविवारी भिंतीवर चढत असे. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे दोन गोष्टी उरल्या. एक, शर्टाच्या खिशातला व्हर्नियर, मिलिमीटरचेही तुकडे मोजणारा. दुसरी एक रुखरुख, जी ते वर्षातून एकदा, तीही पंखा दुरुस्त करताना वगैरे, बोलून दाखवत. चौतीस वर्षांत त्यांनी लेथवर लाखभर तरी भाग कातले असतील. त्यातला एकही पुढे कुठल्या यंत्रात जातो, कुठे बसतो, काय करतो, ते त्यांना कुणी दाखवलं नाही. विचारलं की साहेब म्हणत, "तुम्ही ड्रॉइंगप्रमाणे करा हो."

मेहुणा एका शाळेच्या ऑफिसात कारकून होता. शाळेला व्हरांड्यात सूर्यमाला मांडायची होती, सोमवारी पाहुण्यांच्या हस्ते तिचं उद्घाटन होतं. चार महिन्यांपूर्वी मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "कुणीतरी गोळे करून देणारा बघा." मेहुण्याने भाऊजींचं नाव सुचवलं. आयुष्यात आपण होऊन पाय कुऱ्हाडीवर मारण्याचे जे चार-दोन प्रसंग येतात, त्यातला हा एक.

"मापं?" भाऊजींनी बाईंना पहिलाच प्रश्न विचारला.

"दिसतील एवढे करा."

"दिसतील एवढे हे माप नाही."

मग त्यांनी स्वतःच मापं शोधली. पाठ्यपुस्तकातलं चित्र पाहून तर त्यांची झोपच उडाली. त्यात आठही ग्रह लग्नातल्या ग्रुप फोटोला उभे राहावेत तसे खांद्याला खांदा लावून उभे होते. भाऊजींनी हिशेब मांडला: हजार किलोमीटरला एक मिलिमीटर. म्हणजे पृथ्वी पावणेतेरा मिलिमीटर, लहान गोटीएवढी. गुरू एकशे त्रेचाळीस, चांगला नारळाएवढा. सूर्य तर एक मीटर एकोणचाळीस, तो शाळेच्या फाटकावरच रंगवायचा. शनी त्यांनी हलक्या लाकडाचा केला, कारण खरा शनी पाण्यावर तरंगेल इतका हलका आहे. शुक्राला स्वतःभोवती एक फेरी मारायला दोनशे त्रेचाळीस दिवस लागतात आणि सूर्याभोवती मात्र तो दोनशे पंचवीस दिवसांत जाऊन येतो, म्हणजे त्याची एक गिरकी वर्षापेक्षा लांब. हे वाचून ते मेहुण्याला म्हणाले, "हा तुमच्या ऑफिसात चिकटेल."

आणि त्याच मापाने अंतरंही आली. बुध फाटकापासून अठ्ठावन्न मीटरवर, म्हणजे सायकल स्टँडजवळ. पृथ्वी दीडशे मीटरवर, पाण्याच्या टाकीपाशी. गुरू सातशे अठ्ठ्याहत्तर मीटरवर, एका सलूनच्या दारात. शनी पेट्रोल पंपाच्या पुढे. नेपच्यून चार हजार चारशे पंचाण्णव मीटरवर, गावाबाहेर सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या भिंतीशी. हे सगळं भाऊजींनी दोन रविवार घालवून सायकलच्या चाकाला फडकं बांधून, फेऱ्या मोजत काढलं होतं. सायकल ढकलायला भाऊजी आणि फेऱ्या मोजायला मेहुणा. एक हजार सातशे बाराव्या फेरीला एका ओळखीच्या गृहस्थाने "काय, पंक्चर का?" असं विचारलं, मेहुण्याने "नाही हो" म्हटलं, आणि तेवढ्यात आकडा सुटला. भाऊजींनी त्याला फाटकापासून पुन्हा चालवलं. पण परतताना त्यांचा चेहरा मेहुण्याने कधी पाहिला नव्हता इतका खुशीत होता. "हे एक काम असं आहे," ते म्हणाले, "की भाग कुठे बसतो ते मला ठाऊक आहे."

शुक्रवारी मेहुण्याने हिंमत करून बाईंपुढे ती अंतरांची यादी ठेवली. बाईंनी चष्मा काढला.

"अहो, गुरू सलूनमध्ये?"

"सलूनच्या दारात, मॅडम."

"आणि संस्थेच्या अध्यक्षांनी विचारलं, गुरू कुठाय, तर मी काय सांगू? दाढी करायला गेलाय? व्हरांडा बेचाळीस मीटर आहे. त्यात बसवा."

हा निरोप मेहुण्याने घरी पोचवला. भाऊजींनी कागदावर भागाकार केला. व्हरांड्यात नेपच्यून बसवायचा तर पृथ्वी मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाहूनही लहान होते. "धूळ बसवू का?" त्यांनी विचारलं. इकडून बाई म्हणणार, तुमच्या भाऊजींना समजवा. तिकडून भाऊजी म्हणणार, तुझ्या बाईंना समजव. टपाल खात्यातली पेटीसुद्धा दिवसातून एकदा रिकामी होते, मेहुण्याला तीही सोय नव्हती.

निदान बुधाचं तरी निस्तरावं म्हणून शनिवारी तो सायकलवाल्याकडे गेला आणि एक छर्रा घेऊन आला. गोल, चकचकीत, कुणाच्या बापाला कळला नसता. भाऊजींनी तो तळहातावर घेतला, व्हर्नियर लावायच्या आधीच मान हलवली, मग लावला.

"सहा पस्तीस. मंगळ सहा अठ्ठ्याहत्तर. तू बुध नाही आणलास, मंगळाला जुळा भाऊ आणलास."

"दीड मिलिमीटरने काय होतंय, भाऊजी?"

ताई आतून म्हणाली, "अरे, तू या घरात नवीन आहेस का?"

दुसरा बुध करायला वेळ नव्हता. ज्या मित्राच्या वर्कशॉपमध्ये भाऊजी काम करत ते सोमवारपर्यंत बंद होतं. सोमवारी सकाळी बाईंनी सगळी सूर्यमाला एका लांब फळीवर, काचेमागे, हारीने लावायला लावली. पुस्तकातल्या चित्रासारखी, खांद्याला खांदा. युरेनस आडवा बसवलेला पाहून त्या थबकल्या.

"हा पडलाय का?"

"तो लोळतच फिरतो."

"मुलं विचारतील हो."

"विचारू देत की," भाऊजी म्हणाले. बाईंनी हळूच तो सरळ केला. भाऊजींनी तो पुन्हा आडवा केला. असं तीनदा झालं. बुधाच्या जागी बाईंनी मेहुण्याच्या खिशातला छर्राच चिकटवला. "कोण मोजतंय," त्या म्हणाल्या. मोजणारा माणूस तिथेच उभा होता.

पाहुण्यांनी फीत कापली, "वा, मोती छान मांडलेत," असं म्हटलं आणि ते चहाकडे वळले. तेव्हा कुठे बाईंच्या लक्षात आलं की फळीवर सातच आहेत. आठव्या जागी नुसता खिळा होता.

"अहो, नेपच्यून?"

"त्याची जागा इथे नाही," भाऊजी म्हणाले, आणि व्हरांड्याबाहेर पडले. बाईंनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने अर्ध्या दिवसाची रजा तोंडीच टाकली आणि मागोमाग निघाला.

नेपच्यून भाऊजींच्या पिशवीत, एका स्वच्छ मोज्यात होता. उन्हातून ते दोघं सायकलने मोजताना केलेल्या सगळ्या खुणांवरून गेले. सलूनच्या दारातली खडूची फुली पुसली गेली होती. भाऊजी ती जागा डोळ्यांनी शोधून पुढे झाले. पेट्रोल पंपापुढे मेहुण्याने विचारलं, "बाकीचे नाही आणायचे?" भाऊजींनी नुसता हात झटकला. शेवटच्या दीड किलोमीटरमध्ये तर काहीच नव्हतं, नुसता रस्ता.

केंद्राच्या भिंतीशी त्यांनी टेपने एका खांबापासूनचं अंतर पुन्हा तपासलं, खिळा ठोकला आणि निळा, लिंबाएवढा नेपच्यून त्यावर बसवला. हलवून पाहिला. भिंतीमागे पंपांची घरघर चालली होती आणि वासाबद्दल न बोललेलं बरं.

मेहुण्याला वाटलं, आता काहीतरी बरं बोलावं. "भाऊजी, एक बघा. गावातलं सगळं मोरीचं पाणी इथेच येतं. म्हणजे आपला बुधही एव्हाना इथे पोचला असेल. निदान फळीवर तर नाही ना बसला तो."

भाऊजींनी व्हर्नियर खिशात ठेवला.

"सायकल स्टँडपासून चार हजार चारशे सदतीस मीटर चुकलाय."